दुसऱ्यासाठी तक्रार देताना: अत्याचाराचा संशय आल्यापासून पोच हातात येईपर्यंत

गेली अनेक वर्षं मी सोलापूरच्या पूर्व भागात लोकांना अर्ज लिहून देते. रेशनकार्ड, पेन्शन, विडी कामगारांची कागदपत्रं ही रोजची कामं. पण अधूनमधून कुणीतरी येतं, उंबऱ्याशी घुटमळतं आणि हळूच म्हणतं, "आक्का, माझं नाही, शेजारचं आहे." शेजारच्या पोरीच्या हातावर चटके दिसतात. वरच्या खोलीतली सून रात्री किंचाळते. समोरच्या म्हातारीला दोन दिवस कुणी जेवायला दिलेलं नाही.

ही माणसं धीर गोळा करून आलेली असतात. तरीही बऱ्याच वेळा माझ्यापर्यंत येण्याआधीच काम बिघडलेलं असतं. कुणी ज्याच्यावर संशय आहे त्यालाच जाब विचारून आलेलं असतं. कुणी लेकराला चार बायकांत बसवून सगळं वदवून घेतलेलं असतं. कुणी भलत्याच ठाण्यात जाऊन "आमची हद्द नाही" ऐकून घरी परतलेलं असतं आणि पुन्हा गेलेलंच नसतं. म्हणून हा लेख, आणि त्यातला क्रम महत्त्वाचा आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. गुन्हा घडला हे सिद्ध करणं तुमचं काम नाही. जे पाहिलं, ऐकलं, ते जसंच्या तसं, तारखेसह, योग्य दारात पोचवणं एवढंच तुमचं काम. तपास ज्यांनी करायचा ते करतील. तुम्ही तपास करायला गेलात की ते लेकरू किंवा ती बाई जास्त अडचणीत येते.

टप्पा १: या घडीला धोका आहे का?

पहिला प्रश्न हाच. मारहाण चालू आहे, कोंडून ठेवलंय, पेटवून देण्याची धमकी आहे, लहान मूल एकटं सापडलंय, असं काही असेल तर वही-अर्ज बाजूला ठेवा आणि ११२ फिरवा. मूल असेल तर १०९८ ही फिरवता येतो. दोन्ही क्रमांक चोवीस तास चालतात, पैसे पडत नाहीत.

फोनवर आधी पत्ता सांगा, मग घटना. लोक उलटं करतात. रडत रडत पूर्वपीठिका सांगतात आणि पत्ता सांगायच्या आत फोन कटतो. आपल्याकडे पत्त्याचा घोळ नेहमीचा. "विडी घरकुल" (विडी कामगारांची वसाहत) एवढंच म्हणालात तर शहरातलं जुनं घरकुल की कुंभारीचं, हे समोरच्याला कळत नाही. गाडी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. पेठ किंवा नगर, गल्ली, जवळची ठळक खूण (देऊळ, पाण्याची टाकी, कारखाना), कितवा मजला, हे सगळं एका दमात सांगा. नंतर फोन बंद करू नका. गाडीतून पोलीस त्याच क्रमांकावर परत फोन करतात.

जखम मोठी असेल तर आधी दवाखाना. लैंगिक अत्याचार किंवा ॲसिडहल्ला झालेल्या व्यक्तीला प्रथमोपचार आणि उपचार मोफत देणं सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांवर कायद्यानं बंधनकारक आहे. "आधी पोलिसांत जाऊन या" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, अशा जखमांची पोलीस केस म्हणून नोंद होते आणि तिथूनच पोलिसांना कळवलं जातं. गुन्हा दाखल झालेला नसला तरी पीडित मुलाची वैद्यकीय तपासणी करता येते. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनं करायची असते, आणि आईवडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असलं पाहिजे.

सावधान: लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर तपासणीआधी आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. अंगावरचे कपडे काढावेच लागले तर स्वच्छ कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते दमटतात आणि पुरावा खराब होतो. पहिल्या ७२ तासांत गेलात तर पुरावाही मिळतो आणि संसर्ग व गर्भधारणा टाळणारी औषधंही देता येतात. आंघोळ झाली असेल, चार दिवस उलटले असतील, तरी जा.

टप्पा २: बोला, पण बेतानं

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. माझ्या हातूनही झालंय. सुरुवातीच्या काळात एका आठ वर्षांच्या मुलीला मी तीन वेगवेगळ्या दिवशी तेच विचारलं. मला अर्ज नीट लिहायचा होता. तिसऱ्या दिवशी तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "काही नाही झालं." तिला वाटलं, मला तिचं पटत नाहीये, म्हणूनच मी पुन्हा पुन्हा विचारतेय. पुढे जबाबाच्या वेळी तिला बोलतं करायला फार वेळ गेला. तो दोष माझा होता.

मूल असेल तर फक्त ऐका. ते आपणहून जेवढं सांगेल तेवढं पुरे. अगदीच विचारावं लागलं तर दोनच प्रश्न: "काय झालं?" आणि "आत्ता तुला कुठे दुखतंय का?" नावं सुचवू नका. "काकांनी हात लावला का?" असा प्रश्न विचारलात की उत्तर मुलाचं राहत नाही, तुमचं होतं, आणि कोर्टात समोरचा वकील नेमकं तेच धरतो. "का नाही सांगितलंस आधी?" हे तर अजिबात नको. त्यात दोष लेकराच्या माथी जातो.

"मी कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. ते मोडावंच लागणार आहे. त्याऐवजी म्हणा: "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. आता जी माणसं मदत करू शकतात त्यांना मी सांगणार आहे." मुलाच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत कळवायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा झाल्याचं माहीत असलेल्या, किंवा होण्याची भीती वाटणाऱ्या, प्रत्येकानं कळवलंच पाहिजे. मुलाची परवानगी लागत नाही, आईवडिलांची तर नाहीच. लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

सज्ञान बाई असेल तर गोष्ट वेगळी. इथे तिला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जीव धोक्यात असेल तो अपवाद, तेव्हा ११२. तिला एकटीला गाठा: नळावर, कारखान्यात विड्या द्यायला जाताना, दवाखान्याच्या रांगेत. फोनवर नको, कारण फोन बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातातून फिरतो. चिठ्ठी आणि व्हॉट्सॲपही नको. तिला तीन गोष्टी विचारा: तुला काय हवंय, मी कुठे कळवलं तर तुला चालेल, आणि आज रात्री काही झालं तर तू कुठे जाशील? ती "नको" म्हणाली तर "नको" मानायचं, पण तिथून उठून जायचं नाही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तिला पाठ करून द्या. लेकरांचे दाखले, आधारकार्ड आणि थोडे पैसे हाताशी ठेवायला सांगा. पुष्कळ बायका तिसऱ्या-चौथ्या वेळी "हो" म्हणतात. तेव्हा तुम्ही तिथे असायला हवं.

म्हातारं माणूस शुद्धीवर असेल तर त्याचाही शब्द शेवटचा. "माझ्या पोराला जेलात नका घालू" असं आजी म्हणते, तेव्हा तिला पोराला शिक्षा नको असते, दोन वेळचं जेवण आणि औषध हवं असतं. त्यासाठी वेगळं दार आहे, ते पुढे येईल.

भाषेचं विसरू नका. आपल्या गावात घरात तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारं मूल शाळेत मराठी बोलत असलं तरी दुखणं घरच्याच भाषेत सांगतं. त्यानं वापरलेला शब्द तसाच टिपून ठेवा, भाषांतर करून नको. दुभाषी म्हणून घरातलं माणूस घेऊ नका. ज्या मावशीला तुम्ही मध्ये घेताय तिचा त्या माणसाशी काय संबंध आहे, हे तुम्हाला माहीत नसतं. मुलाला समजेल अशा सोप्या भाषेत नोंद करणं आणि गरज असेल तर दुभाषा देणं ही पोलिसांची जबाबदारी पॉक्सो कायद्यातच लिहिलेली आहे. ठाण्यात ते आग्रहानं मागा.

सावधान: ज्याच्यावर संशय आहे त्याला या टप्प्यावर काहीही कळू देऊ नका. समाजाच्या पंचांकडेही जाऊ नका. त्यांचा हेतू चांगला असला तरी बैठक बसली की बातमी फुटते आणि लेकरू रातोरात गावाला पाठवलं जातं. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचारात मिटवामिटवी हा मार्ग कायद्यात नाही.

टप्पा ३: वहीत लिहा, त्याच दिवशी

साधी शंभर पानी वही घ्या. सुटे कागद हरवतात. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, तुम्ही कुठे होतात, काय पाहिलं, काय ऐकलं, आणखी कोण हजर होतं एवढं लिहा.

स्वतःचा निष्कर्ष लिहू नका. "तो रोज बायकोला अमानुष मारतो" हे वाक्य वाचून कुणालाच काही करता येत नाही. असं लिहा: "बुधवारी रात्री साडेनऊच्या सुमारास मी माझ्या दारात उभी असताना शेजारच्या खोलीतून भांडी आपटल्याचा आणि 'मारू नका' असा बाईचा आवाज आला. सुमारे दहा मिनिटं चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तिच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं दिसलं. मी विचारल्यावर 'पडले' म्हणाली." ती "पडले" म्हणाली हेही लिहा. तुमच्या बाजूला न बसणारी गोष्ट गाळलीत तर पुढे सगळ्याच वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

ऐकीव असेल तर "अमुक व्यक्तीकडून ऐकलं" असं स्पष्ट लिहा. मुलाचे शब्द अवतरणात, जसेच्या तसे.

फोटोचा मोह आवरा. हातापायावरची दिसणारी जखम, तीही बाईची संमती असेल तर, एवढंच ठीक. मुलाचा उघड्या अंगाचा फोटो किंवा व्हिडिओ कधीही काढू नका, पुढे तर पाठवूच नका; तो स्वतःच गुन्हा ठरू शकतो. गल्लीच्या ग्रुपवर "बघा काय चाललंय" म्हणून टाकणं हा आजकालचा सगळ्यात घातक प्रकार आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख जाहीर करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांची ओळख उघड करण्यावर पॉक्सो आणि बाल न्याय कायद्यातही बंदी आहे. नाव न टाकता शाळा, गल्ली, आईचं नाव टाकलं, तरी ओळख पटतेच.

तपासा: वही घरात कुठे ठेवली आहे? ज्याच्याबद्दल लिहिताय तो माणूस तुमच्या घरी येतो-जातो का?

टप्पा ४: दार निवडा

"पोलिसांत जायचं" एवढंच लोकांना माहीत असतं. पण व्यक्ती कोण आहे त्यावर दार बदलतं.

*अठरा वर्षांखालचं मूल, लैंगिक अत्याचाराचा संशय.* स्थानिक पोलीस ठाणं किंवा विशेष बाल पोलीस पथक. १०९८ वरही सांगता येतं. पण शाळा, वसतिगृह किंवा क्लासच्या प्रमुखांनी ध्यानात घ्या: तुमच्याच कर्मचाऱ्याविरुद्धची गोष्ट असेल आणि तुम्ही कळवलं नाही तर शिक्षा एक वर्षापर्यंतची आहे. "आधी आपली चौकशी समिती नेमू, संस्थेचं नाव खराब होईल" हा विचार मनात आला तरी थांबा आणि ठाणं गाठा. शिक्षक मुख्याध्यापकांना सांगून मोकळे होतात, तेही पुरेसं नाही. कायद्याला पोलिसांपर्यंत गेलेली खबर हवी असते, मुख्याध्यापकांपर्यंत गेलेली नव्हे.

*मुलाला मारहाण, चटके, उपाशी ठेवणं, कामाला जुंपणं, सोडून देणं.* १०९८, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा बाल कल्याण समिती (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती). बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली सांभाळणाऱ्यानं केलेली क्रूरता हा गुन्हा आहे. एकटं, पालकांपासून तुटलेलं मूल सापडलं तर चोवीस तासांत कळवणं बंधनकारक आहे. दया येऊन ते मूल स्वतःच्या घरी ठेवून घेऊ नका.

*बालविवाह.* लग्न व्हायच्या आधी कळवा. हळदीच्या दिवशी कळवलंत तरी थांबवता येतं, पण पंगत उठल्यावर सगळंच अवघड होतं. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. १०९८ वर किंवा गावात ग्रामसेवकाला कळवा. लग्नाची तारीख, वेळ, कार्यालय किंवा शेत, आणि मुलगी कोणत्या शाळेत होती ते सांगा. शाळेचं नाव मिळालं की वयाचा पुरावा तिथल्या दाखल्यावरून निघतो.

*विवाहित बाईचा घरातला छळ.* इथे शेजारी हमखास फसतात. नवऱ्याकडून किंवा सासरकडून होणाऱ्या क्रूरतेचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ८५ आहे, जुनं ४९८-अ. या कलमाखाली पोलिसांनी थेट दखल घ्यावी यासाठी खबर तिनं स्वतः द्यावी लागते, नाहीतर रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्यातल्या माणसानं. असं कुणीच नसेल तर शासनानं ठरवलेल्या लोकसेवकानं. शेजाऱ्याच्या शब्दावर हे कलम लागत नाही, आणि लोक "पोलीस ऐकतच नाहीत" म्हणत परततात.

शेजाऱ्यासाठी दुसरं दार उघडं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार हिंसाचार झाला, होतोय किंवा होईल असं मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. ते घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च यासाठीचा अर्ज तिच्या वतीनं दुसऱ्यालाही करता येतो, आणि पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवायची असते. १८१ वर फोन केला तर संरक्षण अधिकारी आणि सखी वन स्टॉप सेंटर (पीडित बायकांना एकाच जागी मदत देणारं केंद्र), दोन्हींचा पत्ता मिळतो. सेंटरमध्ये काही दिवस राहायची सोयही होते. हत्यारानं वार किंवा जिवे मारण्याचा प्रयत्न असा प्रकार असेल तर मात्र खबर कुणीही द्यावी.

*ज्येष्ठ नागरिक.* सल्ल्यासाठी १४५६७. जेवण, औषध, घर यासाठी २००७ च्या कायद्याखालचं न्यायाधिकरण, म्हणजे प्रांत कार्यालय. अर्ज आजी-आजोबांनी स्वतः करायचा; त्यांना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. म्हणून त्यांची सही किंवा अंगठा असलेलं अधिकारपत्र आधी घ्या. सोडून देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याची खबर पोलिसांत.

*अपंग व्यक्ती.* २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. व्यवहारात तहसील कार्यालयात अर्ज द्या.

टप्पा ५: हद्द

शहर पोलीस आयुक्तालयाची ठाणी वेगळी: फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, जोडभावी पेठ, एमआयडीसी, विजापूर नाका, सलगरवस्ती. शहराबाहेरचा जिल्हा ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. कुंभारीची घरकुलं शहरातल्याच माणसांनी भरलेली असली तरी ती दक्षिण सोलापूर तालुक्यात येतात, तिथे ग्रामीणचं ठाणं.

पण हद्द चुकली म्हणून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र, म्हणजे पोलीस आपणहून तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. याला शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवणं म्हणतात. ठाणे अंमलदारासमोर "झिरो एफआयआर" हे शब्द स्पष्ट उच्चारा. ईमेलनं खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ती केली नाही तर नोंद पुढे सरकत नाही.

टप्पा ६: अर्ज

एक पान, फार तर दोन. वरती "प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक" किंवा त्या त्या अधिकाऱ्याचं पद. विषयाच्या ओळीत पीडितेचं नाव घालू नका. "अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराच्या संशयाबाबत खबर" एवढं पुरे. नाव-पत्ता आतल्या मजकुरात किंवा वेगळ्या बंद पाकिटात द्या, कारण आवक टेबलावर अर्ज चार हातांतून जातो.

मजकूर या क्रमानं: तुम्ही कोण आणि त्या घराशी तुमचा काय संबंध, पीडित व्यक्तीचं नाव, अंदाजे वय, आत्ता ती कुठे आहे, वहीतल्या नोंदी तारखेप्रमाणे, अजून कुणाला माहीत आहे, तातडी कशामुळे (उदाहरणार्थ, "संशयित त्याच घरात राहतो"), आणि तुमची मागणी. मागणीत "कठोर शिक्षा व्हावी" लिहू नका. "तत्काळ भेट देऊन मुलीला सुरक्षित करावं आणि माझी खबर नोंदवावी" असं लिहा. दोन प्रती काढा.

टप्पा ७: ठाण्यात

एकटं जाऊ नका, पण घोळकाही नेऊ नका. बरोबर एक शांत माणूस असलं की पुरे. मुलाला बरोबर आणायची गरज नाही. पॉक्सोमध्ये मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या किंवा वरच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही.

तुमची खबर लिहून घेतली की तिला नोंद क्रमांक द्यायचा असतो आणि ती तुम्हाला वाचून दाखवायची असते. वाचून घ्या. "मारतो" चं "भांडण होते" झालंय का ते बघा. चुकलं असेल तर सहीआधी दुरुस्त करायला सांगा. सही झाल्यावर कुरकुरून उपयोग नाही.

नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून "झालं तुमचं काम" म्हणाले तर विचारा, गुन्हा दखलपात्र आहे की नाही, आणि नसेल तर कोणत्या कलमामुळे? एनसीवर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत खबर देणाऱ्याला किंवा पीडितेला मोफत मिळते. नुसता अर्ज दिला असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही, चारही घ्या.

नावाची भीती सगळ्यांनाच असते. १०९८ वर किंवा संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देताना "माझं नाव उघड करू नका" असं सांगता येतं. एफआयआर तुमच्या सांगण्यावरून नोंदवली तर मात्र तुम्ही फिर्यादी होता आणि कागदावर नाव येतं. म्हणून आधीच विचारा: पीडितेचा जबाब घेऊन त्यावर फिर्याद घेणार का, की सरकारतर्फे पोलीसच फिर्यादी होणार? चांगल्या हेतूनं दिलेल्या खबरीला पॉक्सोच्या कलम १९ मध्येही संरक्षण आहे. शिक्षा आहे ती बदनामीसाठी किंवा पैसे उकळण्यासाठी मुद्दाम खोटी खबर देणाऱ्याला. संशय खरा निघाला नाही म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही.

नोंदवून घेतलंच नाही तर वाद घालू नका. बाहेर या, वहीत वेळ आणि कुणाशी बोललात ते लिहा. मग तोच अर्ज स्पीड पोस्टानं वर पाठवा: शहरात पोलीस आयुक्त कार्यालयात, ग्रामीणला पोलीस अधीक्षकांकडे. तिथूनही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण आहे, क्रमांक १५१००. बायकांना आणि मुलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मुलाचं प्रकरण असेल तर बाल कल्याण समितीला त्याच दिवशी प्रत द्या.

टप्पा ८: पोच मिळाल्यावर

पॉक्सोच्या प्रकरणात पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. दुसऱ्या दिवशी समितीकडे चौकशी करा, मुलासाठी मदतनीस व्यक्ती नेमली का ते विचारा. बलात्कार, पॉक्सो, ॲसिडहल्ला यात पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्जही विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. ही आठवण कुणी आपणहून करून देईल असं धरून चालू नका.

गल्लीत तुमच्याशी बोलणं बंद होईल, निदान काही दिवस. त्या घरी जाऊन समजूत घालू नका, "मी नाही सांगितलं" अशी शपथही घेऊ नका. धमकी आली तर तीही तारखेसह वहीत, आणि त्याच ठाण्यात वेगळा अर्ज.

आणि मूल दिसेनासं झालं तर एक दिवसही थांबू नका. इथून विजापूर, कलबुर्गी जवळ आहेत, आणि तेलंगणात नातेवाईक असलेली घरं पूर्व भागात कितीतरी आहेत. "आजोळी गेली" एवढं उत्तर मिळतं आणि जबाबाच्या तारखेला मुलगी हजर नसते. कुणाबरोबर गेली, एसटीनं की रेल्वेनं, नातेवाइकाचं गाव कोणतं, शाळेतून नाव काढलं का, हे मिळेल तेवढं लिहून आधीच्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून तपास अधिकाऱ्याला आणि समितीला त्याच दिवशी द्या. १०९८ वरही सांगा. तो क्रमांक कर्नाटकात आणि तेलंगणातही हाच आहे.